‘झुळूक’ची प्रतीक्षायादी

२ जून २०२५, सोमवार

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आणि आज पुन्हा मला कुणीतरी रांग सांभाळायला बोलावलं.

सकाळी निषाद आला. माझा दोस्त चंदू, त्याचा मुलगा. चंदूला जाऊन तीन वर्षं झाली, पण हे पोर वाकून नमस्कार करतं तेव्हा मला चंदूच उभा राहिल्यासारखा वाटतो. महामार्गावर चंदूचं जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं दुकान होतं. त्याच्या शेजारी निषादने विजेच्या गाड्यांची एजन्सी घेतली आहे. ‘झुळूक’ नावाची नवी गाडी बाजारात येते आहे, तिची नोंदणी पंधरा तारखेला. गाड्या थोड्या आणि मागणारे फार.

“काका, बाकीच्या गावांत नोंदणीवरून मारामाऱ्या झाल्यात,” तो म्हणाला. “यादी तुमच्या हातात असली की इथे कुणी शब्द काढणार नाही. एकतीस वर्षं एसटीच्या आरक्षण खिडकीवर बसलात. कधी कुणाला मध्ये घुसू दिलंत का?”

नाही दिलं. गणपतीनंतर मुंबईला परतणाऱ्यांची रांग डेपोच्या फाटकाबाहेर जायची, तेव्हा खुद्द आमच्या साहेबांच्या मेव्हण्याला मी शेपटाला पाठवलं होतं. निषादला ती गोष्ट ठाऊक होती. चंदूने सांगितली असणार. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

तो गेल्यावर बायको, शुभदा, म्हणाली, “त्याला तुम्ही हवे आहात की तुमचं नाव?”

या दोन्हीत फरक काय, ते मला कळलं नाही. मी हो म्हणून टाकलं होतं.

१५ जून, रविवार

पाय सुजलेत, पण दिवस सार्थकी लागला. एक्केचाळीस नावं. पाऊस लागला होता, तरी रांग हलली नाही. मी मोठं रजिस्टर घेतलं, क्रमांक, नाव, गाव, वेळ, सही. दारात फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘जो आधी, त्याला आधी.’

पहिला क्रमांक पोलादपूरच्या राजेंद्रचा. पहिल्या एसटीने येऊन शटर उघडायच्या आधीपासून पायरीवर बसला होता, प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून. आंबेनळी घाटाच्या वाटेवर वस्ती आहे त्यांची. गेली अकरा वर्षं तो दुसऱ्याची जीप चालवतो, पोलादपूर ते महाबळेश्वर. सावकाश सही केली. म्हणाला, “काका, पयला नंबर आयुष्यात पयल्यांदाच आला.”

अकरा वाजता लेकीचा, इराचा, पुण्याहून फोन. तिला आणि जावयांना, आमोदरावांनाही, झुळूक हवी आहे. पुण्यात यादी हजारांत गेली म्हणे, म्हणून महाडला नाव लावायचं. मी सांगितलं, रांगेत माणूस उभा असेल तर नाव लागेल, फोनवर नाही. मग शुभदा रिक्षा करून आली आणि दोन तास पावसात उभी राहिली. मी तिच्याकडे इतर गिऱ्हाइकांसारखंच पाहिलं. अडतिसावा क्रमांक. रांगेतली माणसं आपसांत बोलत होती, बघा, घरच्या बाईला पण सोडलं नाही. मला ऐकू येईल असंच बोलत होती.

निषादने सगळं आतून काचेतून पाहिलं. संध्याकाळी म्हणाला, “काका, आज तुम्ही शोरूमची जाहिरात केलीत. लाखात होणार नाही अशी.”

१९ जून, गुरुवार

राजेंद्र आला होता. गाडी अजून कुणी पाहिलेली नाही, पण याचा हिशेब तयार आहे. घाट चढताना बॅटरी किती खाणार, उतरताना किती परत भरणार. “चढाला जेवढी जाते त्यातली बरीच उताराला परत येते काका. डिझेल कधी परत येतंय?” टॅक्सीच्या विजेच्या गाडीला हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, घरगुती असेल तर पांढरी, हेही त्यानेच मला सांगितलं. त्याच्या गाडीवर पिवळी येणार.

पहिली खेप दसऱ्याला येणार आहे. मी त्याला म्हटलं, “दसऱ्याला पहिली गाडी तुझी. माझा शब्द.”

तो म्हणाला, “तुमचा शब्द हाय म्हणजे झालंच.”

२७ जून, शुक्रवार

आज मन खट्टू आहे. पोलादपूरचे महिपतराव आले होते, एकोणतिसावा क्रमांक. बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला महाडला आणावं लागतं. परतताना तिला बसवत नाही, एसटीत उभं राहवत नाही. दुसरी वाहनं ठरवून ते थकलेत. आपली गाडी असली तर मागच्या सीटवर तिला आडवं करता येईल.

“गंगाधरराव, माझ्यापुढे अठ्ठावीस जण. त्यातल्या एकालाही माझ्याएवढी निकड नसेल. मला थोडं वर घ्या.”

मी नाही म्हटलं. निकड कोणाची मोठी, हे मी कसं ठरवणार? आज तुमची, उद्या आणखी कुणाची. एकदा क्रम मोडला की रांग राहत नाही. ते समोर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. नियम सगळ्यांना सारखा असेल तर माझी तक्रार नाही.”

दारापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो. बाहेर रिक्षात त्यांची बायको डोळे मिटून बसली होती. मी बरोबर केलं. रात्रीपर्यंत स्वतःला हेच सांगतो आहे.

११ जुलै, शुक्रवार

इराचा फोन. “बाबा, अडतीस म्हणजे पुढच्या वर्षीचा उन्हाळा उजाडणार. काही होणार नाही का? तुम्हीच तर आहात तिथे.”

“मी आहे म्हणूनच होणार नाही,” मी म्हटलं.

तिने फोन आईला द्यायला सांगितला. त्या दोघी मागच्या दारी बराच वेळ बोलत होत्या. रात्री आमटीत मीठ नव्हतं. मी मागितलं नाही.

२२ जुलै, मंगळवार

कंपनीचं पत्र आलं असं निषाद म्हणाला. ज्यांच्याकडे कंपनीची जुनी पेट्रोल गाडी आहे, त्या ग्राहकांना अग्रक्रम द्यायचा. शिवाय वरचं मॉडेल घेणाऱ्यांना, आणि एजन्सीच्या कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना. बाकीची यादी त्यानंतर, क्रमाने.

मी चिडलो. फळ्यावर काय लिहिलंय ते त्याला दाखवलं.

तो शांतपणे म्हणाला, “काका, एसटीत आमदारांची सीट राखीव असायची ना? स्वातंत्र्यसैनिकांची? अपंगांची? ती तुम्हीच सोडायचात. तेव्हा रांग मोडली असं वाटायचं का?”

नाही वाटायचं. तो नियमच होता. मी विचार केला, विचार करत चहा प्यायलो, आणि मला त्यात खोट सापडेना. शेवटी मीच फळ्यावर लाल खडूने खाली ओळ वाढवली: ‘अग्रक्रमाचे ग्राहक वगळून.’ रजिस्टरमध्येही लाल शाईने तोच नियम लिहिला आणि खाली सही केली.

अग्रक्रमच द्यायचा तर महिपतरावांनाही द्या, असं मी सुचवलं. निषाद म्हणाला, “त्यांची कॅटेगरी नाही काका.”

२ ऑगस्ट, शनिवार

घाटात दरड आली होती, म्हणून राजेंद्र आठवडाभर अडकला होता. आज आला. त्याला नवा नियम समजावला. एसटीचं उदाहरणही दिलं, निषादने मला दिलं होतं तसंच.

त्याने फळ्याकडे पाहिलं. “काका, यष्टीत राखीव सिटा पाच-सा असायच्या. बाकी गाडी आमची असायची. हितं राखीव किती हायत?”

मला आकडा माहीत नव्हता. म्हटलं, थोड्याच असणार. तू सर्वसाधारणमध्ये अजून पहिलाच आहेस.

“हा, पयला हायच,” तो म्हणाला. पुढे म्हणाला, “जीपवाल्या शेटला मी सांगून टाकलंय. दसऱ्यापासून दुसरा डायवर बघा म्हणून. बँकेचं मंजुरीचं पत्र पंधरा ऑक्टोबरपातूर चालतंय.”

मी म्हटलं, काळजी करू नकोस.

१४ ऑगस्ट, गुरुवार

शोरूमला गर्दी नाही, पण शेजारच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात निषादचा धंदा जोरात आहे. पनवेलहून, पुण्याहून माणसं येऊन कंपनीच्या खटारा पेट्रोल गाड्या घेऊन जातात. एक गाडी तर ढकलत बाहेर काढली, घेणारा तरीही हसत होता. चंदूला हे जमलं नव्हतं. पोरगा बापाच्या पुढे गेला.

दुपारी निषादने कर्मचाऱ्यांचे फॉर्म भरून घेतले. माझाही. कुटुंबातल्या माणसांची नावं त्याने आधीच भरून ठेवली होती, विम्याचं काहीतरी असणार. सही केली. चष्मा घरी राहिला होता.

घरचा अबोलाही संपला एकदाचा. शुभदाने अळूवड्या केल्या. इराचा फोन आला, ती चक्क माझी चौकशी करत होती. “बाबा, फार दगदग करू नका तिथे.” पोरीचा राग टिकत नाही, लहानपणापासूनच.

३ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी-गणपतीचं विसर्जन झालं. इरा आणि आमोदराव पाच दिवस होते. आमोदरावांनी वायरमनला बोलावून पडवीत चार्जिंगचा पॉइंट काढायची मापं घेतली. मी म्हटलं, अहो, अजून वर्ष आहे. ते हसले. “तयारीत असलेलं बरं, बाबा.” हौशी माणूस आहे. शुभदा एकदम आत निघून गेली, दूध उतू गेलं म्हणाली. मला वास आला नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शोरूममध्ये कॉम्प्युटरवर शर्मिला असते. बिरवाडीला खोली घेऊन राहते, कामाला चोख. आज निषाद अलिबागला गेला होता. ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“काका, तुम्ही रजिस्टर ठेवता. पण कंपनीकडे यादी माझ्या कॉम्प्युटरमधून जाते.”

“तीच ना?”

“तुम्ही एकदा बघा.”

मी म्हटलं, मला त्यातलं कळत नाही बाई, तू बघतेस ना नीट. ती आणखी काही बोलणार होती, पण कुणी गिऱ्हाईक आलं. जाताना म्हणाली, “सोमवारी बघा नक्की.” सोमवारी निषाद असेल, तेव्हा त्यालाच विचारून बघू.

२९ सप्टेंबर, सोमवार

मागच्या सोमवारी शर्मिला आलीच नाही. आजही नाही. निषाद म्हणतो, तिला जुन्या गाड्यांच्या दुकानात बसवलंय, तिकडे काम वाढलंय.

दसऱ्याला आठ गाड्या येणार. मी निषादला सरळ विचारलं, “आठात राजेंद्र आहे ना?”

“बघतो ना काका.”

“बघतो नाही. मी त्याला शब्द दिलाय.”

“काका, तुमचा शब्द तो माझा शब्द.” त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. चंदूची तीच सवय होती.

राजेंद्रला फोन करून ये म्हटलं. “येतो,” म्हणाला. मग म्हणाला, “बाजारात लोक काय काय बोलत्यात काका. मी लक्ष देत नाय.” मी म्हटलं, देऊच नकोस.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

लिहायला बसलो आहे, पण कुठून सुरुवात करू.

आठ गाड्या झेंडूच्या माळा घालून ओळीने उभ्या होत्या. मंडप, सनई, पेढे. मला पांढरा फेटा बांधून खुर्ची दिली होती, पहिल्या रांगेत. राजेंद्र आईला घेऊन आला होता. सोनाबाई नव्या लुगड्यात, हातात नारळ आणि स्वतः ओवलेली माळ. राजेंद्रने दाढी केली होती. दोघं मंडपाच्या कडेला उभे राहिले, मी बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

निषाद माईकवर म्हणाला, “आपल्या यादीची जबाबदारी ज्यांनी वाहिली, त्या गंगाधरकाकांसाठी टाळ्या.” टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. मग नावं सुरू झाली.

पहिलं नाव पनवेलच्या माणसाचं. माझ्या रजिस्टरमध्ये असं नाव नाही. दुसरं पुण्याचं. तेही नाही. तिसरं नाव आमोदरावांचं.

मला वाटलं, दुसरा कुणी आमोद असेल. मग इरा मंडपाच्या मागून आली, जरीच्या साडीत. माझ्याकडे न बघता पुढे गेली. आमोदरावांनी किल्ली घेतली. फोटो निघाला. निषादने मलाही फोटोत ओढलं, “काका, या ना, घरची गाडी!” आणि मी उठलो. काय करतो आहे ते कळण्याआधी मी उठून गाडीपाशी उभा राहिलो होतो. फोटोत मी आहे. फेट्यासकट.

आठवं नाव झालं. राजेंद्रचं नाव आलं नाही. मी वळून पाहिलं तर तो जागेवर नव्हता. सोनाबाईंनी माळ मंडपाच्या खांबाला अडकवली होती आणि त्या लेकाच्या मागे महामार्गाकडे चालत निघाल्या होत्या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी शोरूमला गेलो. शर्मिलाने जुन्या गाड्यांच्या दुकानातून मला हाक मारली आणि कागद हातात दिला. कंपनीकडे गेलेली यादी. आठपैकी पाच जण पंधरा जूनला रांगेत नव्हतेच. त्यांनी निषादकडून जुनी पेट्रोल गाडी घेतली, की झाले ‘जुने ग्राहक’. ती ढकलत नेलेली खटारा गाडी म्हणजे अग्रक्रमाची पावती होती. माझ्या डोळ्यांदेखत विकली गेली. वर मी त्याचं कौतुक वहीत लिहून ठेवलंय.

दोघे रांगेतले शेवटचे, वरच्या मॉडेलचे. आणि एक ‘कर्मचारी कुटुंब’. खाली माझी सही. चौदा ऑगस्टची.

निषाद केबिनमध्ये होता. मी कागद टेबलावर ठेवला. तो घाबरला नाही, हेच मला जास्त लागलं.

“काका, एक तरी गोष्ट नियमाबाहेर झालीय का? दाखवा. नियम तुम्हीच लाल शाईत लिहिलात.”

“मला फसवून लिहून घेतलास.”

“मी तुमच्या घरच्यांचं काम केलं. तुम्हाला वाटेल तेव्हा आभार माना.” मग आवाज खाली आणून, “आणि खरं सांगा, तुम्ही खुर्चीवर नसतात तर लोक चार महिने गप्प बसले असते का?”

शुभदाने दोन जूनला विचारलं होतं ते मला आत्ता कळलं.

घरी येऊन तिला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“होतं. इराने सांगितलं होतं.” ती कणीक मळत होती, हात थांबले नाहीत. “एकतीस वर्षं तुमच्या खिडकीचा आम्हाला काय उपयोग झाला? इरा बारावीनंतर पुण्याला परीक्षेला गेली ती उभ्याने. ताप होता तिला. तुम्ही खिडकीत होतात आणि पोरगी घाटभर उभी. तेव्हा मी काही बोलले नाही.”

मला ती गोष्ट आठवत नव्हती. आठवते म्हटलं असतं तरी खोटं ठरलं असतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

काम सोडलं. रजिस्टर मागितलं तर निषाद म्हणाला, ते शोरूमचं आहे. मग तिथेच टेबलाशी बसून पंधरा जूनची सगळी नावं हाताने उतरवून घेतली. तीन तास लागले. कुणी चहा विचारला नाही. शर्मिला येऊन प्रत्येकाचा कंपनीच्या यादीतला आजचा क्रमांक सांगत गेली. राजेंद्रचा सत्तावीस आहे. मी म्हटलं, तुझी नोकरी जाईल. ती म्हणाली, “जाईल बहुतेक.”

या एक्केचाळीस जणांकडे जायचं ठरवलं आहे. प्रत्येकाला दोन आकडे सांगायचे, मूळचा आणि आताचा, आणि मधे काय झालं ते. त्यांच्यासाठी मी आणखी काही करू शकेन असं दिसत नाही. पहिल्यापासून, क्रमानेच जायला हवं होतं. पण पहिल्याकडे जायचा धीर होत नाही. मागच्या बाजूने सुरुवात करतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

दासगाव, बिरवाडी, महाड शहर झालं. कुणी चहा दिला, कुणी दारातच ऐकलं. एकाने विचारलं, “जावयाची गाडी चार्ज कुठे करता, पडवीत का?” गावभर झालंय तर.

आज महिपतरावांकडे गेलो. बायको आतल्या खोलीत झोपली होती. एकोणतिसावरून त्यांचा क्रमांक पंचावन्न झालाय. मी सहीचं सांगितलं, लाल शाईचंही सांगितलं.

“गाडीचं राहू द्या,” ते म्हणाले. “मला एवढंच सांगा. तुम्ही मला नाही म्हणालात, तेव्हा तरी रांग होती का?”

“मला वाटत होतं, होती.”

“हं.” त्यांनी मान हलवली. “मी घरी येऊन हिला सांगितलं होतं, माणूस कडक आहे पण सरळ आहे. आपला नंबर येईल तेव्हा येईल. ती म्हणाली, बरं.”

आतून खोकल्याचा आवाज आला. ते उठले, मी निघालो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज पुन्हा पोलादपूर. राजेंद्रच्या बँकेच्या पत्राची मुदत काल संपली. आधी गेलो असतो तरी काही झालं नसतं, हे खरं आहे. मी आधी गेलो नाही, हेही खरं आहे.

तो अंगणात बदली ड्रायव्हरच्या गणवेशात बसला होता. जीपवर दुसरा ड्रायव्हर आलाय, तेव्हा आता बिरवाडीच्या कारखान्याच्या बसवर मिळेल त्या दिवशी जातो. सोनाबाईंनी पाट दिला, पाणी दिलं.

मी म्हटलं, “तुझा मूळ क्रमांक एक. आताचा सत्तावीस.” मधे काय झालं ते सांगायला मी कागद उघडला.

तोच म्हणाला, “काका, तुमी कशाला आलाव? मला माहीत हाय. सगळं पोलादपूर म्हणत होतं, म्हातारा सामील हाय, जावयाची गाडी काढून घेतली. मी एकटा भांडलो लोकांशी. जीपच्या स्टँडवर एकाची कॉलर धरली. म्हटलं, काकांना ठाऊकच नसंल. त्यांच्या नावावर कुनीतरी केलंय.”

इथे मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. सोनाबाई माझ्याकडे पाहत होत्या.

“सही माझी आहे, राजेंद्र,” मी म्हटलं. “कागद न वाचता केली, पण माझीच आहे. आणि अग्रक्रमाचा नियम मी स्वतः लिहिला. तुला समजावलाही मीच.”

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“आता मी लोकांना काय सांगू, काका?” तो म्हणाला.

मी उठलो. एसटी स्टँडपर्यंत तो मला सोडायला आला नाही. ते योग्यच केलं त्याने.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

चाळीस घरं झाली. एक उरलं होतं.

इरा आणि आमोदराव सकाळी गाडी घेऊन आले. पडवीत लावली, वायर जोडली. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. मी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बाहेरच्या खोलीत आलो. आमोदराव फराळ करत होते. मी समोर उभा राहिलो. प्रत्येक घरी उभा राहिलो होतो तसाच.

“आमोदराव, तुमचा मूळ क्रमांक अडतीस. गाडी मिळाली ती तिसऱ्या क्रमांकावर, कर्मचाऱ्याचं कुटुंब म्हणून. त्या फॉर्मवर माझी सही आहे. मी तो वाचला नव्हता, ती चूक माझी. तुमच्यापुढे जे सदतीस होते, त्यांच्यातल्या एकालाही दसऱ्याला गाडी मिळालेली नाही. मी सगळ्यांकडे जाऊन आलो.”

चकलीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. “बाबा, मी काय करू म्हणता? गाडी परत देऊ?”

“ते मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त आकडे सांगत आलोय.”

“बाबा, आज सण आहे,” इरा म्हणाली. “सगळ्या गावासमोर आम्हाला चोर ठरवलंत. आता घरातही?”

“तुझा फॉर्म मी भरला नव्हता, इरा.”

ती उठून पडवीत गेली. आमोदराव तिच्यामागे. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. ते गेले नाहीत, नुसते आत बसून राहिले.

शुभदा ओवाळायचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने पाट मांडला. मी बसलो.

कुंकू लावताना ती म्हणाली, “इराने नाही भरला तो फॉर्म. त्या दिवशी मी तिचं नाव खोटंच घेतलं. ती निषादशी बोललीसुद्धा नाही. मी गेले होते त्याच्याकडे.”

मी वर पाहिलं.

“तो घाबरत होता. म्हणाला, काका वाचतील, फाडून टाकतील. मी म्हटलं, नाही वाचणार. तू चंदूचा मुलगा आहेस, तू दिलेला कागद ते वाचायचे नाहीत. आणि त्या दिवशी सकाळी तुमचा चष्मा मीच पिठाच्या डब्यात लपवला.”

निरांजन तिने तीनदा फिरवलं. मी खिशात हात घातला, ओवाळणीसाठी घेतलेलं पाकीट तिथेच होतं, पण ते ताटात ठेवायला हात बाहेर येईना. ती तशीच ताट धरून उभी राहिली. मीही पाटावरून उठलो नाही.